एस्टोनियन सिनेमा बघायचाय? आधी वहीत दोन सालं लिहा

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, कोथरूडला, आम्ही दहाबारा जण एस्टोनियन सिनेमा बघतो. प्रोजेक्टर माझा, पडदा म्हणून इस्त्री केलेली डबल बेडची पांढरी चादर, आणि चहा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा. याला आता चौथं वर्ष आहे. "आम्हालाही बघायचेत, पण कुठून सुरुवात करू?" असं अलीकडे बरेच जण विचारतात. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

मी तीन वर्षं तार्तूमध्ये नोकरीला होते. तार्तू हे युरोपात रशियाला लागून असलेल्या एस्टोनियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, विद्यापीठाचं गाव. डिसेंबरात तिथे साडेतीनलाच अंधारून येतं. मग संध्याकाळभर करायचं काय? माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या. त्या मला खाली बोलवायच्या आणि टीव्हीवर जुने सिनेमे लावायच्या. भाषा कळत नव्हती तेव्हापासून मी ते बघत आले. देश केवढा, तर लोकसंख्या १३ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नाशिक शहराहूनही कमी. एवढ्याशा लोकांनी शंभर वर्षांत स्वतःच्या भाषेत जे सिनेमे केलेत, ते बघून मला आजही भरून येतं.

पहिली गोष्ट, एक वही करा. दोनशे पानी नको, शाळकरी चाळीस पानी पुरे. पहिल्या पानावर एवढंच लिहा: १९१७पर्यंत रशियाच्या झारचं राज्य, पण जमिनी जर्मन जमीनदारांच्या. १९१८ ते १९४० स्वतंत्र देश. १९४०ला सोव्हिएत आले, १९४१ला जर्मन आले, १९४४ला सोव्हिएत परत आले. १९९१च्या ऑगस्टमध्ये पुन्हा स्वातंत्र्य. झालं. याहून जास्त इतिहास सुरुवातीला लागत नाही.

आता प्रत्येक सिनेमासाठी एक पान, आणि पानाच्या डोक्यावर दोन सालं. डावीकडे गोष्ट कोणत्या सालात घडते ते, उजवीकडे सिनेमा कोणत्या सालात काढला ते. मग पहिल्या पानाकडे बघायचं: गोष्टीत राज्य कोणाचं, आणि सिनेमा काढला तेव्हा राज्य कोणाचं? या दोन सालांच्या मधल्या जागेत एस्टोनियन सिनेमा राहतो असं माझं ठाम मत आहे. सोळाव्या शतकातल्या घोडेस्वारांची गोष्ट १९६९मध्ये, मॉस्कोची नजर असताना का सांगितली? नाझींच्या काळातल्या वेड्यांच्या इस्पितळाची गोष्ट १९६८मध्ये का काढली? सालं लिहिली की हे प्रश्न आपोआप पडतात. आमच्याकडे आई हे काम करते. तिचं अक्षर टपोरं आहे, वही तिच्याच ताब्यात असते.

सुरुवात 'केवदे'पासूनच करा. याचा अर्थ वसंत, इंग्रजीत 'स्प्रिंग' नावाने शोधा. आर्वो क्रूसेमेंत यांचा १९६९चा कृष्णधवल सिनेमा. ओस्कार लुत्स यांची त्याच नावाची कादंबरी तिकडे घराघरात वाचलेली असते. तिचं पहिलं वाक्य तिथल्या कोणालाही अर्ध्या झोपेतून उठवून विचारा, पाठ असतं: आर्नो वडिलांबरोबर शाळेत पोचला तेव्हा तास सुरू झालेले होते. गोष्ट एवढीच की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, खेड्यातल्या एका शाळेत, हा लाजरा आर्नो दाखल होतो. तिथे त्याला खोडकर तूत्स भेटतो, शेजारच्या वाडीची तेले भेटते, चहाडखोर कीर भेटतो, आणि कोणाशी फारसं न बोलणारा, पण वेळ आली की मूठ उगारणारा त्योनिसोन भेटतो. चर्चची घंटा वाजवणारा लिब्ले आहे, दारुडा, पण मनाचा मोठा. नदीवर एक तराफा आहे. पलीकडच्या जर्मन पोरांशी मारामारी होते आणि तराफा बुडतो. कोणी बुडवला, ते बघा.

हा सिनेमा आधी का, तर पुढच्या सगळ्या सिनेमांची पाटी इथे तयार होते. शेत, शाळा, चर्च, जर्मन मालक आणि एस्टोनियन कुळं. ही मांडणी एकदा डोळ्यांखालून गेली की पुढे समजावून द्यावं लागत नाही. आणि दुसरं कारण असं की हा सिनेमा मायेचा आहे. वेल्यो तोर्मिस यांचं संगीत ऐका, त्यात उगीच कुठे हुंदका काढलेला नाही. मुलांच्या भूमिकांत खरीच शाळकरी मुलं आहेत, आणि ती अभिनय करतायत असं एका क्षणीही वाटत नाही. त्या इवल्याशा देशात या सिनेमाची ५ लाखांहून जास्त तिकिटं खपली. २००२मध्ये तिथल्या समीक्षकांनी आजवरचा सर्वोत्तम एस्टोनियन सिनेमा म्हणून यालाच निवडलं. चित्रीकरण झालं ते पालामुसे हे गाव तार्तूच्या उत्तरेला आहे. ती जुनी शाळा आता संग्रहालय आहे. मी गेले होते तेव्हा बाकावर बसून बघितलं. बाक अरुंद आणि जड, पाय हलवायला जागा नाही. तूत्स सारखी चुळबुळ का करतो ते तिथे कळलं.

आमच्या आईला 'केवदे' म्हणता येईना, ती 'केवडे' म्हणते. तिच्या वहीत तसंच लिहिलेलं आहे आणि मी ते खोडलं नाही.

नावांवरून आठवलं. उच्चारांना घाबरू नका, मराठी माणसाला ते इंग्रजांपेक्षा सोपे जातात. इंग्रजी जे दिसला की 'य' म्हणायचं. ए अक्षरावर दोन टिंबं दिसली की तो आपला 'ॲ', बॅट-मॅटमधला. आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र चिन्हच आहे, त्यामुळे 'वार्गामॅए' हे नाव आपण बिनचूक लिहू शकतो. स्वर दोनदा लिहिला असेल तर दीर्घ. जोर बहुतेक वेळा पहिल्या अक्षरावर. एकच अक्षर अवघड आहे, ओवर नागमोडी रेघ असलेलं. ओठ गोल न करता 'ओ' म्हणून बघा. नाही जमलं तर 'ओ' म्हणा आणि पुढे चला.

दुसरा सिनेमा 'वीम्ने रेलीक्विया', इंग्रजीत 'द लास्ट रेलिक'. ग्रिगोरी क्रोमानोव यांचा, १९६९चाच. याचं पान आईने लिहिलं तेव्हा डावीकडे 'सोळावं शतक' आणि उजवीकडे '१९६९' असं आलं, आणि हॉलमध्ये लगेच चर्चा सुरू झाली. पिरिता इथल्या मठाला एका संताचा पवित्र अवशेष हवा आहे. तो ज्याच्याकडे आहे त्या सरदाराला बदल्यात आग्नेस नावाची मुलगी हवी आहे. मध्ये येतो गाब्रिएल, कोणाचा चाकर नसलेला, मोकळा माणूस. घोडे, तलवारी, भुयारं, बंड करून उठलेले शेतकरी, आणि गाणी. हा आमच्या मंडळींना सगळ्यात जवळचा वाटला, कारण गाणी असलेला सिनेमा बघायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

पण गाणी नीट ऐका. संगीत ऊनो नाइसो यांचं, शब्द पाउल-एरिक रुम्मो या कवीचे, एस्टोनियन आवाज पेतेर तोमा यांचा. एका गाण्यात मोकळ्या लेकराला पळून जायला सांगितलंय. पडद्यावर ते मठातून पळणाऱ्यांसाठी आहे. आता उजवीकडचं साल बघा. आदल्याच वर्षी, १९६८ला, सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये घुसले होते. थिएटरात बसलेल्या एस्टोनियन माणसाला ते गाणं कोणाचं वाटलं असेल? माझ्या घरमालकीणबाई भांडी घासताना ते गुणगुणायच्या. एकदा मी विचारलं, तेव्हा नळ बंद करून म्हणाल्या, "तेव्हा हे मोठ्याने म्हणता येत होतं, एवढंच होतं आमच्याकडे." गंमत अशी की साऱ्या सोव्हिएत संघात हा सिनेमा तुफान चालला, जवळजवळ साडेचार कोटी तिकिटं. पिरिताच्या मठाचे अवशेष राजधानी तालिनमध्ये समुद्राजवळ अजून उभे आहेत. छप्पर नाही, पण समोरची उंच त्रिकोणी भिंत तशीच आहे.

एक सूचना. हा सिनेमा रशियन ध्वनीतही मिळतो. रशियन प्रतीत गाणी गेओर्ग ओत्स यांनी गायली आहेत आणि त्यांचा आवाज फार मोठा होता. तरी पहिल्यांदा एस्टोनियनच घ्या. ओळखायचं कसं? 'आणि' या अर्थी 'या' असं सारखं ऐकू आलं की ती एस्टोनियन. रशियनमध्ये तिथे 'इ' येतो.

तिसरा 'मांदारीनिद', इंग्रजीत 'टँजरिन्स', २०१३. दिग्दर्शक जॉर्जियाचे झाझा उरुशाद्झे, निर्मिती एस्टोनिया आणि जॉर्जिया दोघांची. ऑस्करच्या परदेशी सिनेमांच्या यादीत शेवटच्या पाचांत पोचलेला हा पहिला एस्टोनियन सिनेमा. हा सहज मिळतो आणि कोणालाही दाखवता येतो, अगदी ज्याला सबटायटल्सचा कंटाळा आहे त्यालाही. कारण यात माणसं कमी आणि बोलणं मोजकं आहे. काळ १९९२, जागा अबखाझिया, काळ्या समुद्राच्या काठचा, जॉर्जियापासून फुटू पाहणारा प्रदेश. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एस्टोनियन शेतकरी तिथे जाऊन वसले होते, त्यांची गावंच्या गावं होती. युद्ध आलं तसे बहुतेक जण परतले. उरलाय म्हातारा ईवो, आणि ज्याला झाडावरची संत्री उतरवल्याशिवाय निघवत नाही तो मार्गुस. ईवो त्या संत्र्यांसाठी खोकी बनवतो. घराजवळ चकमक होते आणि दोन जखमी त्याच्या घरी येऊन पडतात. एक अबखाझियाच्या बाजूने लढणारा चेचेन, एक जॉर्जियन, एकमेकांच्या जिवावर उठलेले.

लेम्बित उल्फसाक यांनी ईवो केलाय. त्यांचे हात बघा. फळी करवतीखाली सरकवताना ते कुठेही घाई करत नाहीत. बंदूकवाला दारात येऊन उभा राहिला तरी हातातलं काम आधी आवरतं, मग मान वर होते. "माझ्या घरात कोणी कोणाला मारायचं नाही" हा त्याचा नियम आहे, आणि तो पाळला जातो तो या हातांमुळे. आमच्या निवृत्त शिक्षक काकांनी हा सिनेमा तीनदा बघितला. तिसऱ्यांदा आवाज बंद करून.

इथपर्यंत, म्हणजे पहिले तीन महिने, क्रम मोडू नका. मी पहिल्या वर्षी चूक केली ती इथे सांगते म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. मला जो सिनेमा सगळ्यात थोर वाटतो त्यानेच मी सुरुवात केली: मार्ती हेल्दे यांचा 'रिस्तूलेस', 'इन द क्रॉसविंड', २०१४. सोळा जण आले होते. अर्ध्या तासात सात उठून गेले. त्यांचा काही दोष नाही. तयारी नसताना तो सिनेमा समोर ठेवणं हे त्यांच्यावर आणि सिनेमावरही अन्याय करणारं होतं.

त्याच्यापर्यंत जायची वाट अशी आहे. आधी मोनिका सीमेत्स यांचा 'सेल्त्सिमेस लाप्स' बघा, 'द लिटल कॉम्रेड', २०१८. लेलो तुंगाल या लेखिकेच्या बालपणीच्या आठवणींवरचा. १९५०च्या सुमारास सहा वर्षांच्या मुलीच्या आईला पोलीस घेऊन जातात. जाताना आई शहाण्यासारखी वाग म्हणते, आणि पोर समजते की आपण शहाण्यासारखं वागलो की आई परत येईल. साऱ्या राजवटीचा क्रूरपणा त्या एका गैरसमजातून दिसतो. मुलांनाही दाखवता येतो, फक्त शेजारी बसा.

मग दुसऱ्या दिवशी नाही, महिन्याभराने 'रिस्तूलेस'. १४ जून १९४१च्या रात्री एस्टोनियातून दहा हजारांहून जास्त लोकांना घरातून उचलून मालगाड्यांत भरलं आणि पूर्वेला पाठवलं. पुरुष एकीकडे, बायका-मुलं दुसरीकडे, सैबेरियात. एर्ना नावाची बाई नवऱ्याला पत्रं लिहिते, आणि ती पत्रं आपण ऐकतो. पडद्यावर माणसं हलत नाहीत. फोटो गोठवलेला नाही, नट खरोखर निश्चल उभे आहेत आणि कॅमेरा त्यांच्यामधून फिरतो. वाऱ्याने पदर हलतो, एखाद्याची पापणी थरथरते. फलाटावर एका आईच्या हातातून मूल घेतलं जातंय आणि ते घेतलं जातच राहतं, कारण त्या बाईसाठी काळ तिथेच थांबलाय. पहिली काही मिनिटं, घर सुटण्याआधीची, तेवढी हलती आहेत. हे आधी सांगून ठेवा, मग लोक उठत नाहीत. दिवे पूर्ण बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि संपल्यावर लगेच चर्चा नको. आम्ही चहा पिऊन गप्प घरी गेलो आणि पुढच्या शनिवारी बोललो.

१९४९च्या मार्चमध्ये अशीच दुसरी मोठी हद्दपारी झाली, वीस हजारांहून जास्त लोकांची. दर वर्षी २५ मार्चला तिथे चौकात मेणबत्त्या लावतात. तार्तूच्या टाउन हॉलसमोर बर्फावर मांडलेल्या त्या ज्योती मी बघितल्या आहेत. माझ्या घरमालकीणबाईंनी दोन लावल्या. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

आता चौथ्या महिन्यापासून आवडीप्रमाणे फाटे फुटू द्या.

गावाकडची मुळं असलेल्यांना 'तोदे या ओइगुस' दाखवा, म्हणजे 'सत्य आणि न्याय', 'ट्रूथ अँड जस्टिस', तानेल तोम यांचा २०१९चा. तामसारे यांच्या पाच खंडांच्या कादंबरीतला पहिला खंड, १९२६चा. आंद्रेस नावाचा तरुण शेतकरी बायकोला घेऊन दलदलीतली जमीन विकत घेतो. त्या जागेचं नाव वार्गामॅए. दगड वेचायचे, चर खणायचे, पाणी काढून द्यायचं. आणि शेजारी पेआरू. चराचं पाणी कोणाच्या शेतात जाणार, कुंपण कुठून जाणार, यावरून आयुष्यभराचं भांडण आणि कोर्टाच्या फेऱ्या. माझे बाबा साताऱ्याकडचे. आमच्या चुलत्यांचा बांधाचा दावा अठरा वर्षं चालला होता. बाबा एरवी सिनेमात झोपतात, पण हा अडीच तास ताठ बसून बघितला आणि शेवटी म्हणाले, "हा आंद्रेस बरोबर होता गं, म्हणूनच घर गेलं त्याचं." मला याहून चांगली समीक्षा करता येणार नाही. १९९१नंतरच्या एस्टोनियात थिएटरात सगळ्यात जास्त बघितला गेलेला सिनेमा हाच.

भुताखेतांची ओढ असेल तर 'नोव्हेम्बर', राइनेर सारनेत, २०१७. आंद्रुस किविरॅह्क यांच्या कादंबरीवरचा, काळापांढरा, आणि इतका देखणा की मार्त तानिएल यांच्या छायाचित्रणाला न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात बक्षीस मिळालं. सुरुवातच अशी: कोयते, काठ्या, चाक आणि जनावराची कवटी असं जोडून केलेलं काहीतरी अंगणातून गडगडत येतं, गोठ्यात शिरतं, गायीभोवती साखळी आवळतं आणि तिला घेऊन आकाशात उडतं. गाय निमूट खाली बघतेय. हा 'क्रात'. मोडक्या अवजारांचा चाकर, सैतानाला तीन थेंब रक्त दिलं की जिवंत होतो आणि मालकासाठी चोऱ्या करतो. त्याला सतत काम द्यावं लागतं, नाहीतर मालकावरच उलटतो. माझं आजोळ कोकणातलं. तिथे आजी चेड्याच्या गोष्टी सांगायची, धन्यासाठी राबणारा आणि रिकामा बसला की धन्याला खाणारा. हॉलमध्ये हे सांगितलं आणि निम्मी भीती पळाली, निम्मी वाढली. शेतकरी सैतानालाही फसवतात, रक्ताच्या जागी काळ्या मनुकांसारख्या एका फळाचा रस देतात. वहीत डावीकडे साल नेमकं लिहिता येत नाही, 'जमीनदारांचा काळ' असं लिहा. भुकेला आणि गरिबीला इथे दया दाखवलेली नाही, लोक एकमेकांची चोरी करतात. त्यांच्यात लीना नावाची पोर हान्सवर जीव लावून बसली आहे, तिच्याकडे लक्ष ठेवा.

विज्ञानकथा हवी तर 'हुक्कुनुद आल्पिनिस्ती होतेल', 'डेड माउंटेनिअर्स हॉटेल', क्रोमानोव यांचाच, १९७९. कथा रशियन स्त्रुगात्स्की बंधूंची. बर्फात अडकलेलं हॉटेल, एक पोलीस अधिकारी, आणि माणसं नसावीत अशी काही माणसं. स्वेन ग्र्यूनबेर्ग यांचं सिंथेसायझरचं संगीत रात्री हेडफोन लावून ऐका. अधिकारी नियमावर बोट ठेवून चालतो, आणि शेवटपर्यंत आपलं चुकलं नाही असं म्हणत राहतो. १९७९ हे उजवीकडचं साल लक्षात ठेवा. याच्याबरोबर काल्यो कीस्क यांचा १९६८चा 'हुल्लुमेल्सुस' मिळाला तर सोडू नका. वेड्यांच्या इस्पितळात लपलेला हेर शोधायला नाझी अधिकारी येतो. सोव्हिएत अधिकाऱ्यांना त्यात आपलाच चेहरा दिसला असावा, कारण एस्टोनियाबाहेर तो कित्येक वर्षं दाखवू दिला नाही. तो अधिकारी झालेले युरी यार्वेत पुढे रशियन 'किंग लियर'मध्ये राजा लियर झाले.

युद्धपट एकच सांगते, एल्मो न्युगानेन यांचा '१९४४', २०१५चा. एस्टोनियन मुलं जर्मन गणवेशातही आहेत आणि लाल सैन्यातही, कारण दोन्ही राजवटींनी भरती केली. सिनेमा मध्यावर बाजू बदलतो. आधी कोणाला काही सांगू नका.

घरात लहान मुलं असतील तर हेल्ले कारिस यांचा 'नुकित्सामेस', १९८१. जंगलात चुकलेली बहीणभाऊ, चेटकिणीचं घर, आणि डोक्याला शिंगं असलेलं एक गोड पोर. ओलाव एहाला यांची गाणी दोन दिवसांत पाठ होतात, भाषा न कळताही. आणि २००६चं 'लोत्ते' हे कार्टून, त्यातली मुलगी म्हणजे कुत्रीचं पिल्लू. तरुण मुलांबरोबर इल्मार राग यांचा 'क्लास', २००७, पण आधी एकट्याने बघा. वर्गातली छळवणूक कुठपर्यंत जाते ते तो न लपवता दाखवतो.

सगळ्यात जुनं बघायचं असेल तर योहान्नेस पॅसुके यांची १९१४ची 'कारुयाहत पॅर्नुमाल' ही अस्वलाच्या शिकारीची छोटी मूकफीत. आम्ही ती 'केवदे'च्या मध्यंतरात लावली होती. राज्य झारचं, सिनेमा जेमतेम जन्मलेला, आणि पहिल्याच कथेत टवाळी. बघा आणि हसा.

मिळवायचं कसं? एस्टोनियन चित्रपट संस्थेचं 'आर्काडर' नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे जुने सिनेमे आहेत आणि बऱ्याच सिनेमांना इंग्रजी सबटायटल्स आहेत. पैसे भरण्याआधी तो सिनेमा भारतात दिसतो का आणि सबटायटल्स आहेत का, हे दोन्ही तपासा. शोधताना इंग्रजी नाव आणि साल दोन्ही टाका. 'स्प्रिंग' एवढंच टाकलंत तर जगभरचे वसंत समोर येतील. तालिनमध्ये दर नोव्हेंबरात 'ब्लॅक नाइट्स' महोत्सव भरतो, त्याच्या यादीवर नजर ठेवली की नवे सिनेमे कळतात. कुठल्यातरी भलत्या संकेतस्थळावरून उतरवू नका. आमच्याकडे एकदा अर्ध्या तासानंतर सबटायटल्स दोन मिनिटं मागे पडली. ईवो चहा ओततोय आणि खाली गोळीबाराचं वाक्य. सगळी संध्याकाळ गेली. तेव्हापासून आदल्या रात्री सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी सबटायटल्स जुळतात का ते मी बघते.

इंग्रजी वाचायला वेळ लागणारी मंडळी असतील तर माझी पद्धत वापरून बघा. अर्धं पान मराठीत लिहून छापते: पात्रांची नावं, कोण कोणाचं, आणि ती दोन सालं. गोष्ट लिहीत नाही. सिनेमाची पहिली वीस मिनिटं मी हळू आवाजात मराठीत सांगत जाते. मग गप्प बसते. तोपर्यंत चेहरे ओळखीचे झालेले असतात आणि पुढचं डोळ्यांनी कळतं. आई तर आता मला विसाव्या मिनिटाच्या आधीच "पुरे" म्हणते.

खायला काय? तिकडे 'कामा' नावाचं पीठ असतं, जव, राय, ओट आणि वाटाणा भाजून दळलेलं, ताकासारख्या आंबट दुधात कालवून खातात. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा थेट आजीच्या सातूच्या पिठाची आठवण झाली. 'केवदे'च्या दिवशी आम्ही सातूचं पीठ ताकात कालवतो, थोडी साखर घालून. सोळा वाट्या होतात, एकही उरत नाही.

येत्या शनिवारी 'रिस्तूलेस' पुन्हा लावतोय. पहिल्या वर्षी उठून गेलेल्या सातांपैकी पाच जण येतो म्हणालेत. आईने पान तयार ठेवलंय: डावीकडे १९४१, उजवीकडे २०१४.